दहा बाय बाराच्या खोलीसाठी प्राइम लेन्स : एका खरेदीचं प्रकरण

प्रकरण खरं आहे, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. जिची ही गोष्ट आहे ती मला दादा म्हणते, म्हणून इथे तिला धाकटी म्हणतो. यातली पहिली चूक माझी होती, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

पार्श्वभूमी

धाकटी काळाचौकीच्या एका जुन्या चाळीत आईवडिलांसोबत राहते. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी. एका छोट्या कंपनीत हिशेबाचं काम करते. दोन वर्षांपूर्वी तिने निकॉन डी३४०० घेतला, सोबत आलेली १८-५५ मिलीमीटरची किट लेन्स (हा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळचं आणि अरुंद). गणपतीच्या मिरवणुका, शिवडीच्या खाडीतले फ्लेमिंगो (दिसले एवढंच, ५५ मिलीमीटरमध्ये ते गुलाबी ठिपके), सकाळचा भाऊचा धक्का असं सगळं त्यावर झालं. उजेडात तिचा हात चांगला आहे, चौकट नीट बघते.

थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. सातव्या महिन्यात माहेरचं डोहाळजेवण याच खोलीत झालं, आणि फोटो अर्थातच धाकटीने काढले. त्यातले जेमतेम दहा-बारा दाखवण्यासारखे निघाले. बाकीच्यांत ओटी भरणाऱ्या मावशीच्या हाताचा पट्टा उमटलेला, ताईच्या फुलांच्या वाडीवर रवाळ दाणे, नाहीतर चेहरे पिवळट-हिरवे. ताई काही बोलली नाही. आईच म्हणाली, "एवढा मोठा कॅमेरा, त्यापेक्षा मोबाइलचे बरे आलेत."

हातात दहा हजार रुपये होते आणि बारशाला अडीच महिने. तिने मला फोन केला.

अडचण नेमकी काय होती

फोटो मागवून त्यांची माहिती उघडून बघितली. बहुतेक फोटो एफ ४.५ ते ५.६ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं), आयएसओ ३२०० (म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील; वाढवला की दाणे दिसतात), शटर एक तीसांश सेकंद उघडं. खोलीत दोन ट्यूबलाइट होत्या, त्यातली एक मोरीच्या बाजूला. किट लेन्स ३५ मिलीमीटरला साधारण एफ ४.५ पर्यंतच उघडते, ५५ ला ५.६ पर्यंत. त्यापेक्षा जास्त उजेड ती आत घेऊच शकत नाही.

इथे एक गैरसमज आड येतो. बऱ्याच किट लेन्सना कंपन कमी करणारी यंत्रणा असते, मग फोटो हलतो कसा? ती यंत्रणा आपल्या हाताची थरथर सावरते. ओटी भरणारा हात हलत असेल तर तिचा काही उपयोग नाही. त्याला शटरच वेगवान हवं, त्यासाठी उजेड जास्त हवा, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं हवं. एफ ४.५ वरून एफ १.८ वर आलं की सव्वासहा पट उजेड आत येतो. एक तीसांशच्या जागी जवळपास एक दोनशेअंश सेकंद मिळतो, आयएसओ तोच ठेवून.

समोर असलेले पर्याय

पहिला विचार फ्लॅशचा. बाहेरून लावायचा फ्लॅश छताकडे वळवून मारला की उजेड मऊ पडतो, हे लग्नाचा प्रत्येक फोटोग्राफर करतो. पण चाळीचं छत म्हणजे लाकडी तुळया आणि फळ्या, त्यावर वर्षानुवर्षांचा हिरवा ऑइलपेंट. तिथून परतलेला उजेड सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दाखवणार. शिवाय आजीने आधीच बजावून ठेवलं होतं : बाळाच्या डोळ्यांवर भक्कन उजेड मारायचा नाही. फ्लॅश बाद.

मग प्राइम, म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची (मिलीमीटरच्या एकाच आकड्याची) लेन्स. निकॉनच्या बॉडीसाठी (म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यासाठी) आणि दहा हजारांत विचार करण्यासारख्या तीन-चारच होत्या. ५० मिलीमीटर एफ १.८ डी, जुनी, छोटी, सेकंडहँड बाजारात सर्वांत स्वस्त. ५० मिलीमीटर एफ १.८ जी, २०११ ची, लेन्समध्येच मोटर असलेली, पण नवी घ्यायची तर बजेटच्या पार बाहेर आणि सेकंडहँडही महाग. ३५ मिलीमीटर एफ १.८ जी डीएक्स, २००९ पासून मिळणारी, दोनशे ग्रॅमची, नेमकी अशाच छोट्या सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चकतीच्या) बॉडीसाठी बनवलेली; निकॉन त्या सेन्सरला डीएक्स म्हणते. आणि योंगन्युओ या चिनी कंपनीची ३५ एफ २, जी स्वस्त असते. तिला मी फारसं मनावर घेतलं नाही, कारण मी ती कधी हातात धरली नव्हती आणि दुसऱ्याच्या पैशाने प्रयोग करायचा नव्हता.

तरीही नेमका प्रयोगच झाला.

फसलेली खरेदी

फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये दारापाशी लटकत होतो. "फिफ्टी घे," मी म्हणालो. "डी वाली. पाचेक हजारांत मिळेल, बोरा बाजारात जा. मी सात वर्षं तीच वापरतोय." सल्ला मनापासून होता, आणि फोटोग्राफीतला हा सर्वांत जुना सल्लाही : पहिली प्राइम म्हणजे फिफ्टी.

धाकटी शनिवारी कॉटन ग्रीनहून हार्बर पकडून सीएसएमटीला उतरली, फोर्टातल्या बोरा बाजारात गेली आणि पाच हजारांना सेकंडहँड फिफ्टी डी घेऊन आली. दुकानदाराने चिठ्ठीवर "सात दिवस चेकिंग" लिहून दिलं. घरी येऊन तिने लेन्स लावली आणि मला फोन केला.

"दादा, हा फी मागतोय."

"कोण?"

"कॅमेरा. डोळा लावला की आत 'एफ ई ई' असं लुकलुकतंय. शटर दबतच नाही."

ते सोपं होतं. डी लेन्सवर अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, लहानमोठं करायची कडी असते. ती २२ च्या नारिंगी आकड्यावर नेऊन खटका सरकवायचा, मग पुढचं काम कॅमेरा करतो. ते झालं. शटर दबलं. पण पुन्हा पाच मिनिटांनी फोन. आता फोकस होत नव्हता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर माउंटमधल्या (लेन्स जिथे बसते त्या कडीतल्या) एका छोट्या स्क्रूने लेन्स फिरवते. माझ्या डी७२०० मध्ये ती मोटर आहे. डी३४०० मध्ये नाही, निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या कुठल्याच बॉडीत नाही. धाकटीच्या कॅमेऱ्याच्या माउंटवर तो स्क्रू असायलाच नको होता, आणि तो नव्हताच. मी सात वर्षं एकाच बॉडीवर काम करून हे विसरलो होतो. तिने मॉडेल सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

लेन्स निकामी होती असं नाही. हाताने फोकस करता येतो, आणि फोकस जुळला की डोळा लावायच्या खिडकीत कोपऱ्यात हिरवा ठिपका लागतो. तिने आठवडाभर तसा प्रयत्न केला. शेजारच्या खोलीतला दीड वर्षाचा मुलगा हा सरावाचा विषय. ठिपका लागायचा तोवर मुलगा गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. डी३४०० ची खिडकीही लहान आणि अंधुक आहे, एफ १.८ वर पाचदहा सेंटिमीटर इकडेतिकडे झालेलं त्यात डोळ्याला कळत नाही.

निर्णयाची जागा : मोजपट्टी

आता दोन वाटा होत्या. हीच फिफ्टी, पण मोटरवाली जी घ्यायची, किंवा ३५ वर जायचं. मी अजूनही फिफ्टीच्याच बाजूने होतो. चेहरे सुंदर येतात, मागचं पुसलं जातं, वगैरे. यावेळी मात्र धाकटीने माझं ऐकलं नाही. ती म्हणाली, "दादा, आधी बघू या की खोलीत मावतंय का."

तिने जे केलं ते मी आता सगळ्यांना सांगतो. किट लेन्सची झूमची कडी ३५ च्या आकड्यावर आणली आणि सेलोटेपने चिकटवून टाकली. चार दिवस घरात, गॅलरीत, जिन्यात फक्त ३५. मग टेप काढून ५० वर. त्या लेन्सवर ५० चा आकडा नाहीच, म्हणून ४५ आणि ५५ च्या मधे. पुढचे चार दिवस तशीच. शिवाय डोहाळजेवणाच्या सगळ्या फोटोंची माहिती उघडून तिने वहीत लिहिलं, कुठला फोटो किती मिलीमीटरला निघाला. हिशेबाची सवय, दुसरं काय. बहुतेक फोटो २४ ते ३८ च्या मधे पडले. पन्नाशीच्या आसपासचे मोजून सहा.

मग तिने वडिलांची शिवणाची टेप घेऊन खोली मोजली. पाळणा तुळईच्या कडीला टांगणार होते. दाराच्या उंबऱ्यापासून पाळण्यापर्यंत आठ फूट. त्यामागे गॅलरी चार फुटांची, पण बारशाच्या दिवशी उंबऱ्यावर चपलांचा ढीग आणि चपलांमागे शेजारणी, तेव्हा ते चार फूट धरायचेच नाहीत.

पुढचं गणित मी केलं. या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलीमीटरचा. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, गुणिले अंतर, म्हणजे चौकटीत किती रुंदी येते ते. आठ फुटांवरून ३५ ची लेन्स सुमारे पाच फूट पाच इंच रुंद आणि साडेतीन फूट उंच जागा घेते. ५० ची पावणेचार फूट रुंद आणि अडीच फूट उंच. कॅमेरा उभा धरला तर ३५ मध्ये पाळण्याशी उभी असलेली ताई डोक्यापासून पायापर्यंत कशीबशी बसते. ५० मध्ये ती गुडघ्याच्या वरच तुटते, आणि पाळणा धरायचा तर डोकं जातं.

मला हे आधीच सुचायला हवं होतं. फिफ्टीचा सल्ला ज्या काळातून आलाय त्या काळी फिल्मवरची चौकट ३६ मिलीमीटर रुंद असायची आणि फिफ्टी "नॉर्मल" लेन्स होती. छोट्या सेन्सरवर तीच लेन्स दीडपट जवळची होते, ७५ सारखी वागते. आपल्या सेन्सरवर जुनी "नॉर्मल" हवी असेल तर ३५ घ्यावी लागते, तीच साधारण ५२ सारखी पडते. आणि लेन्सवर डीएक्स लिहिलंय म्हणजे दीडाने गुणायचं नाही, असं बोरा बाजारातही ऐकायला मिळतं. ते खरं नाही. डीएक्स लेन्सवरचा ३५ हा आकडाही ३५ च असतो, दृश्य किती अरुंद होणार ते सेन्सर ठरवतो.

२४ ची प्राइम या खोलीला आणखी बरी पडली असती. पण डी३४०० सारख्या छोट्या सेन्सरच्या निकॉन डीएसएलआरसाठी त्या लांबीची, एवढं तोंड उघडणारी स्वस्त प्राइम नाही. ३५ वर शिक्कामोर्तब झालं.

दुसरी खेप

यावेळी मी सोबत गेलो, धाकटीचा कॅमेरा घेऊन. चेकिंगचे सात दिवस कधीच उलटले होते आणि लेन्समध्ये दोष नव्हता, त्यामुळे पूर्ण पैसे मागायचा आम्हाला तोंडच नव्हतं. दुकानदाराने फिफ्टीचे चार हजार धरले. सेकंडहँड ३५ जी साडेसात हजारांना सांगितली. वरचे साडेतीन हजार द्यायचे होते.

काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या गेल्या. पहिली बाहेरून नव्यासारखी चकचकीत, डब्यासकट. मी मोबाइलची टॉर्च मागच्या बाजूने धरून समोरून तिरकं बघितलं. आतल्या एका काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. फंगस. मुंबईत चार महिने हवा ओली असते आणि बॅगेत बंद पडलेली लेन्स ही बुरशीला आवडती जागा. धागे काचेवरून पुसता येतात, पण त्यासाठी लेन्स उघडावी लागते, आणि बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग राहतोच.

दुसरीचं रबर ढिलं झालेलं, कडेचा रंग उडालेला, डबा नाही, पण आतली काच स्वच्छ. मागचा छोटा दांडा बोटाने हलवला तर अॅपर्चरची पाती झटकन मिटली-उघडली, पात्यांवर तेलाचा ओघळ नाही. मग ती कॅमेऱ्यावर लावली, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखांवर तिरका फोकस करून एफ १.८ वर पाच-सहा फोटो, आणि मोठे करून पाहिले की धरलेली तारीखच धारदार आहे की तिच्या पुढची-मागची. धरलेलीच होती. धाकटीने मान डोलावली.

डबा असलेली घ्यावी, उद्या विकायला बरं, असं दुकानदार सुचवत राहिला. आम्ही कळकट घेतली.

बारसं

बाराव्या दिवशी बारसं झालं. धाकटीने उंबऱ्याला पाठ लावून एका पाटावर उभं राहून काढायला सुरुवात केली. एफ २, एक शतांश सेकंद, आयएसओ २०००.

एक शतांश हा आकडा मुद्दाम. आपली वीज पन्नास हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. शटर एक शतांशवर ठेवलं की प्रत्येक फोटोत एक पूर्ण फेरा सापडतो. आदल्या रात्री सरावात तिने हौसेने एक पाचशेअंश लावून बघितलं होतं. एका फोटोत आजी गोरी, पुढच्यात पिवळी, तिसऱ्यात चौकटीच्या खालच्या भागावर काळपट पट्टा. मला वाटलं लेन्स पुन्हा फसली. लेन्सचा दोष नव्हता, ट्यूबचा होता.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याच्या वरून एकीकडून दुसरीकडे आणि खालून परत येतं, ती दहा-पंधरा सेकंदं सगळ्यात महत्त्वाची होती. त्यातल्या एका फोटोत मामी खाली वाकलेली, तिच्या दोन तळहातांवर बाळ, आणि पलीकडून आजीचे सुरकुतलेले हात ते घ्यायला पुढे आलेले. बाळाच्या मुठी दिसतात, मामीच्या बांगड्यांवर ट्यूबची रेघ दिसते. हात जरासे हललेत, चेहरा स्थिर आहे. तोच आता त्यांच्या भिंतीवर आहे.

सगळंच जमलं असं नाही. शेवटी सगळ्या बायका पाळण्याभोवती दोन रांगांत उभ्या राहिल्या आणि उत्साहाच्या भरात धाकटीने एफ १.८ वर सहा फोटो काढले. आठ फुटांवर ३५ ची लेन्स एफ १.८ ला साधारण फूटभर खोलीच स्पष्ट दाखवते. पुढची रांग धारदार, मागच्या रांगेतल्या दोन काकू धूसर. त्यातली एक नेमकी ताईची सासू. एफ ४ केलं असतं तर दुपटीहून जास्त खोली मिळाली असती आणि आयएसओ वाढला असता तर वाढला असता, थोड्या दाण्यांवर सासूबाई रुसल्या नसत्या. आणि त्या दोन रांगा ३५ मध्ये पुरत्या मावल्याही नाहीत. कडेच्या मावशी अर्ध्या कापल्या गेल्या. त्या फोटोसाठी किट लेन्स १८ वर लावायला हवी होती. ती बॅगेत होती, बॅग पोटमाळ्यावर.

हिशेब असा झाला : पाच हजार पहिल्या दिवशी, साडेतीन हजार दुसऱ्या खेपेला, एकूण साडेआठ. त्यातले हजार माझ्या सल्ल्याचे. ते मी द्यायला गेलो, तिने घेतले नाहीत, मग बाळाच्या बाळंतविड्यात घातले.

पुन्हा करायचं झालं तर

मॉडेल नंबर लिहून घेतल्याशिवाय मी लेन्सचं नाव काढणार नाही, आणि चालत्या गाडीतून तर नाहीच. निकॉनच्या जुन्या लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी दिसलं तर मोटर आत आहे, नुसतं एएफ असेल तर ती बॉडीत आहे का ते बघावं लागतं. एका ओळीची माहिती, जी मला होती.

सेलोटेपचा प्रयोग खरेदीच्या आधी करायला हवा होता. फुकट होता, आठ दिवसांचा होता, आणि आमच्याकडे अडीच महिने होते. आम्ही उलट क्रमाने गेलो, आधी पैसे आणि मग मोजमाप.

दुकानात पहिल्या खेपेलाच कॅमेरा सोबत न्यायला हवा होता. धाकटीने तो नेला नाही, कारण हार्बरच्या गर्दीत कशाला, असं मीच म्हटलं होतं. नेला असता तर 'एफ ई ई' काउंटरवरच लुकलुकलं असतं.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. माझ्या मते पहिल्या खेपेला योंगन्युओची स्वस्त ३५ घेऊन बघायला हवी होती, निदान फोकल लेंग्थ तरी बरोबर असती. तिच्या मते चुकीची फिफ्टी हाती आली म्हणूनच तिने सेलोटेप हाती घेतली.

लेन्स आता फरसाणाच्या मोठ्या हवाबंद डब्यात असते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की ती ते तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घेते. आईचा पोळ्यांचा तवा नाही, जुना, मोडक्या दांड्याचा. गेल्या महिन्यात तिला ओळखीतून डोंबिवलीच्या एका बारशाचं काम आलं, पैसे घेऊन केलेलं पहिलंच. समोरच्या बाईंनी विचारलं, किती फोटो देणार. धाकटीने त्यांना आधी विचारलं, हॉल किती फुटांचा आहे आणि पाळणा कुठल्या भिंतीला लागणार.